गोठवलेले ताट आणि घरची भाकरी

‘डाएट’ हा शब्द हल्ली आमच्या वर्गांतूनही कानी पडू लागला आहे. मधल्या सुटीत एखादी विद्यार्थिनी डबा उघडीत नाही; कारण विचारावे, तर ‘वजन कमी करायचे आहे’ असे उत्तर मिळते. घरी वडीलधाऱ्यांना डॉक्टरांनी तीच आज्ञा केलेली असते. आणि मावा जिलबी व दराबा यांसाठी नावाजलेल्या आमच्या बुऱ्हाणपुरातही दुकानांच्या फळ्यांवर ‘डाएट चिवडा’, नाना धान्यांची म्हणविणारी बिस्किटे व गरम पाण्यात कालवून खाण्याची ‘हलकी’ पाकिटे येऊन बसली आहेत. या पाकिटांनी वजन उतरते काय, आणि उतरत असेल तर घरच्या साध्या स्वयंपाकाहून अधिक उतरते काय, एवढ्याच प्रश्नाचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

या पाकिटांचे मूळ कुळ अमेरिकेतील. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय नावाच्या गृहस्थाने लॅब्राडोरच्या थंडीत तेथील रहिवाशांनी पकडलेले मासे क्षणार्धात गोठताना पाहिले आणि 1920 नंतरच्या दशकात त्वरित गोठविण्याची यंत्रे बनविली. 1954 च्या सुमारास ‘स्वॉन्सन’ कंपनीने ॲल्युमिनियमच्या खणांच्या ताटलीत अख्खे जेवण गोठवून विकावयास आरंभ केला. पुढे 1981 मध्ये ‘लीन क्विझीन’ हे खास वजन घटविणाऱ्यांसाठी बनविलेले गोठवलेले जेवण बाजारात आले. एका ताटलीत तीनशेहून कमी उष्मांक, हे त्याचे आकर्षण होते.

गोठविणे ही क्रिया स्वतः दोषी नाही, हे प्रथमच सांगून टाकू. शून्याखाली अठरा अंशांवर पाण्याचे बर्फ होते, जंतूंची वाढ थांबते आणि अन्नातील बहुतेक सत्त्व जागच्या जागी राहते. गोठवलेला हिरवा वाटाणा हा चांगलाच वाटाणा होय. शिवाय मोजलेले ताट हा त्या जेवणाचा खरा गुण आहे. ज्याला ‘आणखी एक वाढा’ म्हणण्याची सवय आहे, त्याच्यापुढे ताटली रिकामी होते आणि वाढणारे कोणी नसते!

मग अडते कोठे? पोट आणि मेंदू यांच्या हिशेबात अडते. जेवण पुरे झाल्याचा निरोप मेंदूस पोहोचावयास वेळ लागतो. कारखान्यातील बहुतेक तयार अन्न मऊ असते, त्यात चोथा थोडा आणि मीठ बरेच असते. ते चावावे लागत नाही, म्हणून भराभर पोटात जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी 2019 मध्ये वीस माणसांना रुग्णालयात ठेवून हे पाहिले. दोन आठवडे कारखानी अन्न, दोन आठवडे साधे रांधलेले अन्न. पुढे ठेवलेल्या दोन्ही जेवणांत उष्मांक, साखर, मीठ व चोथा सारखेच, आणि हवे तितके खाण्याची मुभा. कारखानी अन्नावर त्या माणसांनी रोज सुमारे पाचशे उष्मांक अधिक खाल्ले व दोन आठवड्यांत त्यांचे वजन जवळजवळ एक किलोने वाढले. साध्या अन्नावर तितकेच उतरले.

कोणी म्हणेल, ते साधे कारखानी अन्न. आरोग्याचे नियम पाळून केलेले पाकीट घेतले तर? त्याचेही उत्तर इंग्लंडमधून 2025 मध्ये आले. लंडनमधील संशोधकांनी 55 प्रौढांना आठ आठवडे एक व आठ आठवडे दुसरे असे दोन आहार दिले. दोन्ही आहार सरकारी आहारनियमांत बसणारे होते. वजन दोन्हींवर घटले. परंतु तयार पाकिटांवर सुमारे एक टक्का, तर साध्या रांधलेल्या अन्नावर दोन टक्के. म्हणजे पाकीट अगदीच फसवे नव्हे. पण निम्म्या गुणाचे आहे.

आता आपल्या घरचा हिशेब मांडू. पन्नास ग्रॅम पिठाची एक, अशा ज्वारीच्या दोन भाकऱ्यांचे सुमारे साडेतीनशे उष्मांक. पंचवीस ग्रॅम डाळीच्या वरणाचे ऐंशी. आणि चमचाभर तेलात परतलेल्या मेथीचे किंवा अंबाडीचे ऐंशीच्या आसपास. बेरीज पाचशेच्या घरात जाते. परदेशी ताटलीहून दोनशे अधिक! पण ज्वारीची भाकरी चावावी लागते, भाजीचा चोथा पोटात जागा अडवितो, आणि जेवणारा संध्याकाळपर्यंत सहज राहतो. ताटलीवाल्याला चार वाजता भूक लागते व तो बिस्किटांचा पुडा फोडतो. शंभर ग्रॅम बिस्किटांत साडेचारशेच्या वर उष्मांक असतात. त्यातून आमच्या या खान्देशलगतच्या मुलखात कळण्याची भाकरी आहे. ज्वारीत उडीद मिसळला की तिच्यातील प्रथिने वाढतात. अशी सोय दुकानातील कोणत्या पाकिटात इतक्या स्वस्तात आहे?

तथापि ‘घरचे’ हा शब्दही मंत्र नव्हे. तेलाच्या एका ग्रॅमात नऊ उष्मांक असतात. मोठा चमचा ओतला की सव्वाशे झाले. तेलाचा तवंग आलेली शेवभाजी घरी केली म्हणून हलकी होत नाही. आम्हा कोकणी बोलणाऱ्यांच्या आमटीत नारळ सढळ हाताने पडतो, त्यालाही हाच नियम लागू. तेल बाटलीतून ओतण्याऐवजी चमच्याने मोजावे. पाकीट घेणेच झाले, तर त्यावरील आकडा शंभर ग्रॅमांचा आहे की एका वाढणीचा, हे आधी वाचावे. वाढणी तीस ग्रॅमांची लिहून पाकीट दीडशेचे असते, आणि उघडलेले पाकीट सहसा परत ठेवले जात नाही.

आमच्या विद्यार्थिनींच्या मधल्या सुटीकडे वळू. चौदा-पंधराव्या वर्षी हाडे वाढत असतात व रक्तासाठी लोह लागत असते. त्या वयात जेवण टाकल्याने चरबीच तेवढी झडते असे नाही. स्नायू झडतात, चक्कर येते आणि दुपारच्या तासाला गणित डोक्यात शिरत नाही. वजन खरोखर अधिक आहे की नाही हे डॉक्टरांनी ठरवावे. अधिक असले, तरी डबा बंद करू नये. डब्यातील तळण तेवढे काढावे. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या वडीलधाऱ्यांनी तर विचारल्याविना एकही जेवण चुकवू नये.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि पाकीट खपते ते मुख्यत्वे त्याच्यामुळे. सकाळी कामावर जाणाऱ्या आईने भाकऱ्या थापाव्यात आणि बाकीच्यांनी आरोग्याच्या गप्पा माराव्यात, हे आम्हास मान्य नाही. डाळ रात्री भिजत घालणे, मेथी निवडणे, कांदा चिरणे ही कामे नववीतील मुलाला उत्तम येतात. भाकरी थापावयास मात्र काही दिवस लागतात. पीठ ताजे व पाणी कढत घेतले, तर पहिल्या आठवड्यातच ती तव्यावर फुगू लागते.