रानाला कायद्याचें कुंपण

एखादें रान सरकारी मालकीचें असलें म्हणजे तें सुरक्षित झालें, असा आपला सर्वसाधारण समज असतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अनुभव मात्र याच्या उलट आहे. तेथें कोट्यवधि एकर जंगल व पहाड सरकारच्या, म्हणजे पर्यायानें सर्व प्रजेच्या, मालकीचे असतांही रस्ते, लांकूडतोड व धरणें यांच्या योगानें विसाव्या शतकांत मोकळें रान आटत चाललें होतें. तें राखण्यासाठीं नागरिकांनीं जी चळवळ केली, तिची हकीकत संक्षेपानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इ. स. १९२४ मध्यें आल्डो लिओपोल्ड या वनाधिकाऱ्याच्या प्रयत्नानें न्यू मेक्सिको प्रांतांतील हीला नदीच्या उगमाकडील विस्तीर्ण अरण्य रस्त्यांपासून मुक्त राखण्याचें वनखात्यानें ठरविलें. पुढें अशीं आणखीही रानें राखण्यांत आलीं. परंतु या व्यवस्थेंत एक मोठें वैगुण्य होतें. जें खात्याच्या हुकुमानें राखलें जातें, तें खात्याच्या हुकुमानें सोडलेंही जातें. म्हणून हें रक्षण विधिमंडळाच्या कायद्यानेंच झालें पाहिजे, असें विचारी लोकांस वाटूं लागलें.

लोकमताचें बळ किती असतें, याचा प्रत्यय एका धरणाच्या प्रश्नांत आला. कोलोरॅडो व यूटा या प्रांतांच्या सीमेवरील ‘डायनोसॉर’ या राखीव क्षेत्रांत, एको पार्क नांवाच्या दरींत, ग्रीन व यॅम्पा या नद्यांचा संगम होतो. ती दरी बुडविणारें धरण बांधण्याचा सरकारचा विचार होता. नागरिकांनीं पत्रांचा व अर्जांचा वर्षाव केला, आणि १९५६ सालच्या कायद्यांतून तें धरण वगळण्यांत आलें. पण त्याच कायद्यानें ग्लेन कॅनियन या दुसऱ्या सुंदर दरीवर धरण मंजूर झालें, व ती दरी पाण्याखालीं गेली. एकेका दरीसाठीं निरनिराळें झगडणें पुरेसें नाहीं, हा धडा त्यांतून मिळाला.

त्याच वर्षीं अरण्यरक्षणाचें विधेयक प्रथम विधिमंडळापुढें आलें. त्याचे मुख्य लेखक हॉवर्ड झानायझर हे एका धर्मोपदेशकाचे पुत्र असून १९३५ सालीं स्थापन झालेल्या ‘वाइल्डरनेस सोसायटी’चे चिटणीस होते. विधेयकाचा मसुदा सहासष्ट वेळां लिहावा लागला. त्यावर अठरा जाहीर चौकशा झाल्या. खाणवाले, लांकूडवाले व गुरें चारणारे यांना आपल्या धंद्याची धास्ती वाटत होती. त्यांचें म्हणणें ऐकून घेऊन चराई चालूं ठेवण्यांत आली, व नव्या खाणींच्या दाव्यांस १९८३ अखेरपर्यंत मुभा देण्यांत आली. झानायझर १९६४ च्या मे महिन्यांत निवर्तले. चारच महिन्यांनीं, ३ सप्टेंबर रोजीं, अध्यक्ष जॉन्सन यांनीं कायद्यावर सही केली, तेव्हां त्यांची विधवा पत्नी तेथें हजर होती.

रानाचें वर्णन करण्यासाठीं झानायझर यांनीं मुद्दाम एक विरळा शब्द योजिला होता. आपल्या भाषेंत त्याचा भाव ‘पायबंद न घातलेलें’ असा होईल. घोड्याच्या पायांत दोर अडकवितात, तसा ज्या भूमीच्या पायांत मनुष्यानें दोर अडकविला नाहीं, ती ही भूमि. तेथें पक्का रस्ता नाहीं, मोटार नाहीं. पायीं वा घोड्यावरून जावें आणि परत यावें.

तथापि एक गोष्ट विसरतां कामा नये. हीं रानें कधींच निर्मनुष्य नव्हतीं. तेथें हजारों वर्षें मूळच्या जमाती वावरत होत्या, व त्यांपैकीं कित्येकांस बळानें घालवून देण्यांत आलें होतें. रान राखतांना त्यांचा हक्क व त्यांचें ज्ञान यांचाही मान राखला पाहिजे.

आरंभीं ५४ स्थळें व सुमारें ९१ लक्ष एकर भूमि या कायद्याखालीं आली. आज स्थळें ८०० हून अधिक व भूमि ११ कोटि एकरांवर आहे. प्रत्येक नव्या स्थळासाठीं कोणीतरी रान पायांखालीं घातलें, नकाशे काढले, शेजाऱ्यांचीं मनें वळविलीं व विधिमंडळाच्या सभासदांस पत्रें लिहिलीं. नीट विचार करून लिहिलेलें पत्र व विरोधकाचें शांतपणें ऐकून घेण्याची संवय, हींच या चळवळीचीं मुख्य साधनें होतीं. तीं शाळेंतच हातीं येतात, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.