शहरातल्या गाडीचं ऑइल : किलोमीटरबरोबर तासही मोजा

परळहून गिरगावला जाऊन यायचं, दिवसाला जेमतेम बारा-पंधरा किलोमीटर. वर्षाकाठी पाच हजारही होत नाहीत, मग इंजिन ऑइल बदलायची घाई कशाला, असं आपल्यापैकी अनेकांना वाटतं.

हिशेब इथेच चुकतो. हायवेवर ताशी 60च्या सरासरीने 5,000 किलोमीटरला 83 तास लागतात. लालबाग-दादरच्या गर्दीत ताशी 15ने तेच अंतर कापायला 333 तास. इंजिन चौपट वेळ चालतं. काटा मात्र तेवढाच आकडा दाखवतो.

त्यात जवळच्या फेऱ्या अधिक घातक. पेट्रोल जळताना पाण्याची वाफही तयार होते. थोडी वाफ आणि न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या कडेने ऑइलमध्ये उतरतं. लांबच्या प्रवासात ऑइल तापलं की हे पाणी-पेट्रोल उडून जातं. दहा मिनिटांच्या फेरीत ते तिथेच राहतं, आणि पुढे त्याचा चिकट गाळ, म्हणजे स्लज, ऑइलच्या बारीक वाटा बुजवतो.

म्हणून आधी गाडीसोबत आलेलं मॅन्युअल उघडा. बऱ्याच पेट्रोल गाड्यांना 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, अशी मुदत असते. पण पुढे ‘खडतर वापरा’साठी वेगळी, कमी मुदत दिलेली असते. सतत थांबत-चालत जाणं आणि छोट्या फेऱ्या त्यातच येतात. आपल्यासाठी लिहिलेलं पान ते.

मग डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. पट्टी पुसून पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. नुसतं काळं दिसलं म्हणून घाबरू नका. डिझेल गाडीत ते लवकरच काळं होतं. दुधाळ दिसलं तर मात्र आत पाणी गेलेलं असू शकतं. पावसात हिंदमाताला गाडी पाण्यात बंद पडली, तर पुन्हा स्टार्टर मारू नका. टो करूनच गॅरेजला न्या.

ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच घ्या. ‘मुंबईत उकाडा, जाड ऑइल टाका’ हा सल्ला सर्रास मिळतो, पण पातळ ऑइलसाठी बनवलेल्या इंजिनाला तो मानवत नाही. ऑपेरा हाउसच्या स्पेअरपार्ट बाजारातून डबा आणलात, तर सील तपासा आणि पक्कं बिल घ्या.

बदलताना शक्यतो समोर उभे राहा. इंजिन कोमट असताना खालचा ड्रेन प्लग काढतात, म्हणजे गाळही वाहून येतो. प्लगचा वॉशर नवा घालायला सांगा, ऑइल फिल्टरही बदलून घ्या. जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधी इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसला की ऑइल गळून जातं. ही एक गोष्ट आवर्जून विचारा.

भरतानाही वरच्या खुणेपुढे जाऊ नये. जास्त झालेलं ऑइल आत घुसळून फेसाळतं. मिनिटभर इंजिन चालवून गाडीखाली थेंब पडत नाहीत ना, ते वाकून पाहा.

काढलेलं ऑइल गटारात ओतू देऊ नका. 2016च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे, आणि आपली पावसाळी गटारं समुद्राला मिळतात.

आता शेवटच्या सर्व्हिसचं बिल काढून तारीख बघा. वर्ष उलटलं असेल, तर किलोमीटर कितीही कमी असोत, ऑइल बदलून घ्या.