मासा सुटतो तो गाठीत!

औंढ्याच्या पोरांना समुद्र कुठला? आपला समुद्र म्हणजे सिद्धेश्वरचं धरण. रविवारी सकाळी पूर्णेच्या त्या पाण्यावर गेलात तर काठावर चार-पाच जण हमखास दिसतील. हातात काठी, काठीला तंगूस, पाण्यावर तरंगणारी मोरपिसाची काडी, आणि डब्यात गांडूळ नाहीतर मळलेली कणीक. तुम्हीही कधी ना कधी असे बसला असाल. चिलापी लागली की घरी मिरवत आणली असेल. आणि मोठी मरळ लागून ऐनवेळी तंगूस तुटला असेल, तर ती गोष्ट अजून सांगत असाल!

आता हीच हौस घेऊन पुढच्या सुट्टीत कोकणात जायचं म्हणताय? जरूर जा. पण धरणावरचं सामान तसंच उचलून नेऊ नका. खाडीच्या तोंडाशी जिताडा असतो, खारफुटीच्या मुळांत तांबोशी दबा धरून बसते. खडकांवर कालवं असतात आणि त्यांची धार ब्लेडसारखी. तिथं तुमच्या आणि माशाच्या मध्ये एकच गोष्ट असते, ती म्हणजे दोरी. रॉड कितीही महाग घ्या, दोरी कच्ची तर सगळं कच्चं.

दुकानात तीन प्रकार मिळतात. पहिला आपला ओळखीचा नायलॉनचा तंगूस. स्वस्त, गाठीला सोपा आणि ताणला जाणारा. हा ताण कामाचा असतो, कारण माशानं झटका दिला की तो दोरीत जिरतो. पण नायलॉन पाणी पितो, ओला झाला की थोडा कमजोर होतो, आणि उन्हात पडून राहिला तर ठिसूळ होतो.

दुसरी ब्रेड, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली दोरी. ही एका खास पॉलिथिलीनची असते. तेवढ्याच ताकदीच्या नायलॉनपेक्षा कितीतरी बारीक, त्यामुळे लांब फेकली जाते. ताणली जवळजवळ जात नाही, म्हणून माशानं नुसतं हुंगलं तरी हाताला कळतं. पण खडकावर एकदा घासली की संपली.

तिसरी फ्लुरोकार्बन. इथं अकरावीचं फिजिक्स कामाला येतं. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, फ्लुरोकार्बनचा 1.42 आणि नायलॉनचा 1.5 च्या वर. पाण्याच्या जितकं जवळ, तितकी दोरी पाण्यात कमी दिसते. शिवाय घनता 1.78, म्हणून ती लवकर बुडते. ब्रेड मात्र तरंगते. फ्लुरोकार्बन घासण्यालाही चांगली टिकते, पण महाग आणि कडक.

मग घ्यायची कुठली? दोन एकत्र. रिळावर 20 पाउंडची ब्रेड आणि तिच्या टोकाला दीड-दोन मीटर 30 ते 40 पाउंडची फ्लुरोकार्बन. या टोकाच्या तुकड्याला लीडर म्हणतात. खडक, कालवं आणि जिताड्याच्या कल्ल्याची धारदार कड यांचा मार तो खातो. बजेट कमी असेल तर लीडर जाड नायलॉनचा चालतो. सुरमईसारखा दातांचा मासा असेल तर गळाजवळ वीतभर तारेचा तुकडा लावा. आणि रिळावर ब्रेड गुंडाळण्याआधी खाली थोडा नायलॉन गुंडाळा, नाहीतर अख्खी ब्रेड रिळावर गरगर फिरत बसते.

आता गाठ. बहुतेक मासे दोरीत नाही, गाठीत सुटतात. गळासाठी पालोमार गाठ शिका. दोरी दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून ओवा. त्या दुहेरी दोरीची एक साधी गाठ सैलच मारा. पुढं उरलेल्या फासातून अख्खा गळ आरपार काढा. गाठ थुंकीनं ओली करा आणि सावकाश आवळा. ओली का? कोरडी दोरी घासून तापते आणि तापलेला नायलॉन तिथंच कमजोर होतो. ब्रेड आणि लीडर जोडायला दोन्ही टोकं शेजारी ठेवून प्रत्येकाची दुसऱ्याभोवती वेढ्यांची गाठ मारतात. ब्रेड गुळगुळीत असते, म्हणून तिचे वेढे जास्त घ्या. लीडरचे चार-पाच पुरतात.

गाठ जमली का, हे समुद्रावर बघू नका, होस्टेलवर बघा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. 20 पाउंड म्हणजे साधारण 9 किलो. पाच लिटरचा कॅन भरून त्या दोरीला टांगा आणि हळू उचला. गाठ सरकली तर परत मारा. रिळाचा ड्रॅगही असाच लावा. दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर तो सुटायला हवा, म्हणजे इथं अडीच-तीन किलोवर. ड्रॅग घट्ट करून ठेवणारा पहिल्या मोठ्या माशालाच रडतो.

घरी आल्यावरचं काम कंटाळवाणं असतं, पण तेच खरं. रीळ आणि रॉड गोड्या पाण्यानं हलक्या हातानं धुवा, सावलीत वाळवा. रॉडच्या रिंगांतून कापसाचा बोळा फिरवा. कापूस अडकला तर तिथं ओरखडा आहे, आणि तो ओरखडा तुमची दोरी रोज कापतोय. शेवटचा दोन मीटर तुकडा बोटांतून ओढून बघा. खरखरीत लागला तर तेवढा कापून टाका. गळ कुठं अडकला तर ब्रेड हाताला गुंडाळून ओढू नका, बोट चिरतं, काठीला गुंडाळा. आणि कार्बनचा रॉड विजेच्या तारांखाली कधीच उभा करू नका.

कापलेल्या त्या तुकड्याचं काय करायचं? खरं तर मला यासाठीच लिहायचं होतं.

गेल्या हिवाळ्यात धरणाच्या काठावर मला एक बगळा दिसला. पायाला आणि पंखाला तंगूस गुंडाळलेला. जितका फडफडायचा, तितका आवळायचा. मित्रानं त्याच्यावर टॉवेल टाकला, मी नेलकटरनं एकेक वेढा कापला. पाय कापला जाऊन सुजला होता. तो उडाला, पण नीट नाही. पुढं त्याचं काय झालं माहीत नाही. परत येताना डोक्यात एकच होतं : त्याच जागी मी आणि माझ्या मित्रांनी किती वेळा गुंता झालेला तंगूस तोडून तिथंच फेकलाय!

संक्रांतीला आपण नायलॉन मांजाविरुद्ध स्टेटस ठेवतो. राष्ट्रीय हरित लवादानं 2017 मध्ये त्यावर देशभर बंदी घातली. मग काठावर पडलेला तंगूस वेगळा कसा? तोही तुटत नाही, दिसत नाही, कुजत नाही. अमेरिकेच्या 'नोआ' या सागरी संस्थेच्या अंदाजानुसार मासेमारीची दोरी नष्ट व्हायला सुमारे 600 वर्षं लागतात. म्हणजे तुमची दहा मिनिटांची चिडचिड तुमच्या पंचविसाव्या पिढीला पुरेल.

म्हणून बॅगेत एक रिकामी पाण्याची बाटली ठेवा. तुटका तंगूस, दुसऱ्यांचाही, तिच्यात कोंबा. घरी आणून कात्रीनं बोटभर तुकडे करा, मगच कचऱ्यात टाका. आणि अजून एक : बहुतेक धरणांवर मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार संस्थेकडे असतो. गळ टाकण्याआधी विचारा. त्यांच्या पोटाचा प्रश्न असतो, आपली हौस असते.

जिताडा लागला तर फोटो काढा. नाही लागला तरी ती बाटली भरून आणा. पुढच्या रविवारी सिद्धेश्वरवर भेटूच!