पोट, लक्ष आणि काम



कामावर माणसाचे लक्ष राहिले नाही की आपण त्याला आळशी, बेफिकीर किंवा मंदबुद्धी ठरवून मोकळे होतो. मास्तर मुलाला ठरवतात, मुकादम मजुराला ठरवतो. यांपैकी कोणताही शिक्का मारण्याआधी एक साधा प्रश्न विचारावयास हवा: "तू जेवलास केव्हा?" आज मला या प्रश्नाची फोड करावयाची आहे.

हा प्रश्न मला स्वतःला सुचलेला नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यातील एका तांदूळ गिरणीत ट्रकमध्ये भरलेल्या कट्ट्यांची मोजणी एका मजुराकडून दोनदा चुकली आणि त्याच्यावर हलगर्जीपणाचा ठपका आला. चौकशीत त्याच्या बाजूने मी नोटिशीतील प्रत्येक वाक्याचा कीस काढला. बाहेर आल्यावर आवार झाडणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने त्याला विचारले, "सकाळी काही खाल्लं होतं का रे बाबू?" तो म्हणाला, "नाही मावशी, काल रातीच जेवलो." मोजणी चुकली होती दुपारी एकच्या सुमारास. म्हणजे पंधरा-सोळा तास त्याच्या पोटात चहाखेरीज काही नव्हते. मी कायद्याची सगळी कलमे पाहिली होती. हे मात्र विचारले नव्हते.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, परंतु स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा एकटा मेंदू वापरतो. त्याचे नेहमीचे इंधन म्हणजे रक्तातील साखर. एक जेवण चुकले म्हणून निरोगी माणसाचे डोके बंद पडत नाही, कारण यकृत आपल्या साठ्यातून साखर पुरवीत राहते. परंतु रोज अर्धपोटी राहून ओझी उचलणाऱ्याचा साठा मुळातच तुटपुंजा असतो. ज्याच्या घरी शिल्लक नाही, त्याला एका दिवसाचा खाडाही जड जातो; शरीराचेही तसेच आहे.

अर्धपोटी राहण्याने मनाचे काय होते, याचा एक मोठा प्रयोग १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी केला. ३६ तरुण स्वखुषीने त्यात सामील झाले. सुमारे सहा महिने त्यांना गरजेच्या निम्म्याच्या आसपास अन्न देण्यात आले आणि त्यांचे वजन जवळजवळ चौथ्या हिश्श्याने घटले. बुद्धीच्या चाचण्यांत ते फारसे मागे पडले नाहीत. परंतु वाचनात मन लागेना, चिडचिड वाढली, उत्साह मावळला आणि ध्यानीमनी अन्न येऊ लागले. म्हणजे भुकेने बुद्धी गेली नव्हती. ती एका जागी ठरत नव्हती. ज्याला आपण मंद म्हणतो तो पुष्कळदा नुसता उपाशी असतो, ही गोष्ट या प्रयोगावरून ध्यानात घेण्यासारखी आहे.

पोट भरले तरी प्रश्न संपत नाही. आपला जिल्हा भाताचा. भात वाईट मुळीच नाही. परंतु गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र होईतो घासला की कोंड्याबरोबर ब-१ जीवनसत्त्वाचा मोठा भाग निघून जातो, आणि साखरेपासून ऊर्जा काढण्यास मज्जासंस्थेला तेच लागते. जावा बेटात काम करताना ख्रिस्तियान आइकमन यांनी हा धागा कोंबड्यांवरून पकडला: पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडत आणि कोंड्यासह तांदूळ दिला की सुधारत. त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. उकड्या तांदळात हे जीवनसत्त्व पुष्कळ टिकते, कारण धान उकडताना ते दाण्याच्या आत उतरते. पांढरेपणाला आपण जादा पैसे मोजतो आणि सत्त्व कोंड्यात सोडतो, हा व्यवहार काही शहाणपणाचा नाही.

दुसरी उणीव लोहाची. रक्त प्राणवायू वाहते ते लोहाच्या जोरावर. इंडोनेशियातील रबराच्या मळ्यांतील कामगारांवरचा एक अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध झाला. रक्त कमी असलेल्या कामगारांना ६० दिवस लोह दिल्यावर चीक काढण्याचे त्यांचे काम निरोगी कामगारांच्या जवळपास आले. मजूर तेच, मळा तोच; फरक पडला तो रक्तात. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली.

या आकड्यामागची बाई आपण रोज पाहतो. ती पहाटे उठते, सर्वांना वाढते, स्वतः शेवटी उरलेले खाते आणि मग तेंदूची पाने घेऊन बिड्या वळायला बसते. बिडीची मजुरी हजारावर मिळते आणि मोजणीच्या वेळी वाकडीतिकडी बिडी छाटीत जाते. बोटे आणि डोळे यांचा मेळ दिवसभर टिकवायचा, हेच तिचे कसब. रक्त कमी, त्यात जेवणाला लागूनच चहा. चहातील तुरट द्रव्य अन्नातील लोह शरीरात शिरू देत नाही. थकवा आला की छाट वाढते, छाट वाढली की मजुरी घटते, मजुरी घटली की ताट आणखी उतरते. या फेऱ्यात तिचा हलगर्जीपणा शोधणे व्यर्थ आहे.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार आहे. त्यातील अशक्तपणा लोहाच्या गोळ्यांनी जात नाही. म्हणून आधी रक्त तपासून घ्यावे, मग औषध.

आता मजुरीकडे वळू. जुलै १९५७ च्या १५ व्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन कसे ठरवावे हे सांगताना अन्नापासून आरंभ केला. कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेचे प्रमुख राहिलेल्या डॉ. वॉलेस ऐक्रॉइड यांच्या शिफारशीवरून एका प्रौढ घटकामागे २७०० कॅलरी हे माप धरले गेले. पुरुषाचा १ घटक, स्त्रीचे ०.८, दोन मुलांचे प्रत्येकी ०.६, असे एका कुटुंबाचे ३ घटक. मजुरीचा हिशेब ताटापासून सुरू व्हावा, हे तत्त्व फार मोलाचे. परंतु रोवणीला चिखलात वाकणाऱ्या आणि घरी येऊन बिड्या वळणाऱ्या बाईची भूक ०.८ कशी, हे त्या रोवणीच्या बांधीत उभे राहून सांगणे कठीण आहे.

कायद्यानेही वेळेचा आणि जेवणाचा विचार केलेला आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची सुटी आणि २५० हून अधिक कामगार असतील तेथे उपाहारगृहाची तरतूद केली. २०२० च्या नव्या संहितेने उपाहारगृहासाठी हा आकडा १०० वर आणला. परंतु घरी बसून बिडी वळणारीला ना भोंगा, ना उपाहारगृह. तिच्यासाठी जे करावयाचे ते घराने आणि संघटनेने करावयाचे आहे.

उपाय खर्चाचे नाहीत. कामावर निघण्यापूर्वी काहीतरी खावे. शिळ्या भाकरीबरोबर जवसाची चटणी असली तरी चालेल. भाताबरोबर डाळ, आणि तलावाची मासळी मिळेल तेव्हा मासळी असावी. पावसाळ्यात तरोटा, एरवी अंबाडी, अशा पालेभाज्या घ्याव्यात. वर लिंबू पिळावे, कारण त्याच्या आंबटपणाबरोबर असलेल्या क जीवनसत्त्वाने भाजीतले लोह अंगी लागते. चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा. दुपारची पेंग काही अंशी शरीराच्या घड्याळामुळेच येते, परंतु नुसत्या भाताच्या मोठ्या ताटाने ती वाढते. म्हणून एक मोठे जेवण करण्यापेक्षा दोनदा बेताचे जेवावे. वैशाख-ज्येष्ठात पाणी वारंवार प्यावे. शरीराच्या वजनाच्या २ टक्के पाणी घटले तरी लक्ष ढळू लागते. आणि घरात बाईने सर्वांबरोबर जेवावे. या शेवटच्या उपायाला पैसाही लागत नाही, तरी तोच सर्वांत अवघड ठरतो.

चांगल्या आहाराने सर्वांचे सर्व प्रश्न सुटतील असे माझे म्हणणे नाही. झोप, काळजी, कर्ज, यंत्राचा वेग, ही सर्व माणसाचे लक्ष खातातच. परंतु ज्याच्या ताटात पुरेसे नाही त्याला एकाग्रतेचा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

त्या मजुराची नोकरी त्या वेळी टिकली. त्या दिवसापासून आमच्या संघटनेत तक्रार घेऊन कोणी आले की कागद उघडण्याआधी आम्ही विचारतो, "जेवलास का?" मास्तरांनी, मुकादमांनी आणि घरातल्या कर्त्या माणसांनीही हा प्रश्न आपलासा करावा, एवढीच माझी विनंती आहे.