यजमानपद आणि आपली मैदाने

ऑक्टोबर 2017मध्ये सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक फुटबॉल स्पर्धा भारतात झाली. सहा केंद्रांपैकी एक आपले फातोर्डा. तिथेच इराणने जर्मनीला 4-0 असे हरवले! 2022च्या मुलींच्या स्पर्धेचे दोन्ही उपांत्य सामनेही तिथेच झाले.

यजमानपद म्हटले की आपल्याला स्टेडियम आठवते. पण पाहुण्या संघांना सरावाची मैदानेही तितकीच लागतात: सपाट, दाट हिरवळीची, कपडे बदलायच्या खोल्या असलेली. शिवाय ऑक्टोबरात आपल्याकडे पाऊस रेंगाळतो, तेव्हा पाण्याचा निचरा हवाच. स्पर्धा महिन्यात आटोपते. मैदाने गावाकडे राहतात.

2017मध्ये ती वास्को, बांबोळी, बाणावली आणि उतोर्डा येथे होती. पेडणे-दिचोलीत एकही नव्हते. फुटबॉल सासष्टीचा, असे आपणही म्हणत आलो. वास्तविक पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या डेंपो संघाचे मूळ दिचोलीच्या क्लबात आहे.

डिसेंबर 2022मध्ये मोप विमानतळाचे उद्घाटन झाले. पुढच्या वेळी परदेशी संघ पेडण्यातच उतरू शकतील. तोवर आपल्या गावच्या मैदानाची जमीन कोणाच्या नावावर आहे, एवढे तरी येत्या ग्रामसभेत विचारून घेऊया.