मूठ मागते, संगणक देतो

जुन्या मोटरसायकलमध्ये उजव्या मुठीपासून कार्बोरेटरपर्यंत एक पोलादी तार जायची. मूठ पिळली की तार ओढली जाई, हवेची वाट उघडे आणि गाडी रेस घेई. यामाहाने २००६च्या आर६ या गाडीत हवेची झडप उघडण्याचं काम विजेच्या मोटरकडे दिलं. चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकमध्ये ही ‘राइड-बाय-वायर’ यंत्रणा २०१७ साली आली. आता ती बऱ्याच गाड्यांत दिसते.

मुठीला जोडलेला सेन्सर ती किती पिळली आहे हे मोजतो आणि विजेच्या संकेताने इंजिनच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, कळवतो. ईसीयू इंजिनचे फेरे, तापमान, गिअर आणि चाकांचा वेग पाहून झडप किती उघडायची ते ठरवतो. मग छोटी मोटर झडप फिरवते. झडपेवरचा सेन्सर ती खरोखर तेवढी उघडली का, हे उलट कळवतो. हे सगळं सेकंदाच्या अगदी लहान अंशात सतत चालू असतं.

मुठीवर हाताला जाणवणारा ताण आता निव्वळ स्प्रिंगचा असतो. ईसीयूला झडप स्वतः सांभाळता येत असल्यामुळे पावसासाठीच्या रेन मोडमध्ये तेवढ्याच पिळण्याला इंजिन सौम्य प्रतिसाद देतं. ओल्या रस्त्यावर मागचं चाक पुढच्यापेक्षा जोरात फिरू लागलं, तर ट्रॅक्शन कंट्रोल मूठ उघडी असतानाही ताकद कमी करतं. क्रूझ कंट्रोलही याच मोटरच्या भरवशावर चालतं. हवा आणि पेट्रोल यांचा मेळ नेमका राखता येत असल्याने धुराचे कडक नियम पाळायलाही मदत होते.

मग संगणक चुकला तर? म्हणूनच मुठीची स्थिती दोन स्वतंत्र संकेतांनी मोजतात, झडपेचीही तशीच. दोन आकडे जुळले नाहीत, की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि ताकदीला लगाम बसतो. मोटरचा वीजपुरवठा तुटला तर स्प्रिंग झडपेला जवळजवळ बंद स्थितीत आणते.

एक मर्यादा मात्र विसरू नये. ही यंत्रणा इंजिनची ताकद कमी करू शकते. वाळूवर किंवा सांडलेल्या ऑइलवर टायरला पकड मिळवून देऊ शकत नाही. तिथे वेग चालवणाऱ्यानेच आवरायचा. इंजिनचा दिवा लागला असेल तर तसंच दामटत राहू नये. जादा हॉर्न किंवा दिव्यांसाठी वायरिंग कापून जोड देऊ नये.

तार बदलायला पाना पुरत होता. इथे बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. तो स्कॅनर आणि तो वापरण्याचं शिक्षण गावच्या मेकॅनिकपर्यंत पोहोचवणं ही कंपन्यांची जबाबदारी आहे. ज्या गाडीची दुरुस्ती फक्त शहरातल्या शोरूममध्ये होते, ती तालुक्याच्या रस्त्यावर रोज चालवणाऱ्याने भरवशाची कशी मानायची?