आंतरराष्ट्रीय हवाई बाजारपेठ : मुक्त प्रवेश आणि राष्ट्रीय संरक्षण

बीजसंज्ञा : हवाई वाहतूक, द्विपक्षीय करार, खुले आकाश, संरक्षण, आसनक्षमता

प्रस्तावना :
कापड, पोलाद किंवा औषधे यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जकात बसते. परंतु कोणत्या कारखान्याने किती माल पाठवावा हे सामान्यतः सरकारे ठरवीत नाहीत. हवाई प्रवासी वाहतुकीचे मात्र तसे नाही. मुंबई-दुबई मार्गावर कोणत्या देशाच्या कंपन्यांनी आठवड्यास किती आसने पुरवावीत, हे दोन सरकारांमधील करार ठरवितो. जागतिक व्यापार संघटनेच्या सेवाव्यापारविषयक करारातूनही वाहतूक-हक्क वगळलेले आहेत. विमानांची दुरुस्ती व देखभाल, हवाई सेवांची विक्री व विपणन आणि संगणकीय आरक्षण एवढ्याच बाबी त्याच्या कक्षेत येतात. हा अपवाद कसा निर्माण झाला आणि भारतापुढे त्याने कोणता पेच उभा केला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायदेशीर चौकट :
१९४४ मध्ये शिकागो येथे भरलेल्या परिषदेत अमेरिकेने खुल्या स्पर्धेचा आग्रह धरला. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या ब्रिटनला मार्ग व क्षमता यांची नियंत्रित वाटणी हवी होती. एकमत न झाल्याने शिकागो कराराने प्रत्येक राष्ट्राचे आपल्या आकाशावरील पूर्ण सार्वभौमत्व मान्य केले (कलम १) आणि नियमित आंतरराष्ट्रीय सेवेसाठी संबंधित राष्ट्राची परवानगी अनिवार्य ठरविली (कलम ६). परदेशी कंपनीस देशांतर्गत वाहतूक नाकारण्याचा हक्कही राष्ट्रांना मिळाला (कलम ७). त्यामुळे प्रत्येक मार्गासाठी स्वतंत्र वाटाघाटी सुरू झाल्या. १९४६ चा अमेरिका-ब्रिटन बर्म्युडा करार पुढील अनेक करारांचा नमुना ठरला.

या करारांत 'हवाई स्वातंत्र्ये' क्रमांकाने ओळखली जातात. पहिले उड्डाणमार्गाचे, दुसरे केवळ तांत्रिक थांब्याचे, तिसरे व चौथे स्वदेशातून प्रवासी नेण्याचे व आणण्याचे, तर पाचवे दोन परक्या देशांमधील वाहतुकीचे. चौथे व तिसरे जोडून सहावे तयार होते : मुंबईचा प्रवासी दुबईस आणावयाचा आणि तेथून न्यूयॉर्कला न्यावयाचा. खरा वाद याच स्वातंत्र्याभोवती आहे.

मुक्त प्रवेशाची बाजू :
१९९२ मध्ये अमेरिका व नेदरलँड्स यांनी पहिला 'खुले आकाश' करार केला. युरोपीय संघाने १९९३ पासून अंतर्गत बाजारपेठ खुली केली आणि १९९७ पासून संघातील कोणत्याही कंपनीस दुसऱ्या सदस्य देशातील देशांतर्गत मार्गही मोकळे झाले. त्यातून स्वस्त दराच्या कंपन्या वाढल्या व दुय्यम शहरे जोडली गेली. आसने मर्यादित ठेवल्यास मागणीच्या हंगामात भाडे चढते आणि त्याचा भार प्रवाशावर पडतो, हा या बाजूचा मुख्य युक्तिवाद होय. आखातात मजुरी करणाऱ्या भारतीयास वर्षा-दोन वर्षांतून एकदा घरी येताना हा भार प्रत्यक्ष सोसावा लागतो.

संरक्षणाची बाजू :
फ्रीड्रिश लिस्ट यांनी मांडलेला बाल्यावस्थेतील उद्योगांचा युक्तिवाद येथेही लागू केला जातो. समान नियम असले तरी स्पर्धक समान असतीलच असे नाही. २०१५ मध्ये तीन मोठ्या अमेरिकी कंपन्यांनी आखाती कंपन्यांना सरकारी अनुदान मिळत असल्याचा आरोप केला. त्या कंपन्यांनी तो नाकारला आणि २०१८ मध्ये हिशेबांच्या पारदर्शकतेवर तडजोड झाली. खुल्या स्पर्धेचा पुरस्कर्ता असलेल्या अमेरिकेनेही आपल्या विमानकंपन्यांतील परकीय मतदानहक्क २५ टक्क्यांवर रोखले आहेत, हे लक्षणीय आहे. शिवाय संकटकाळाचा प्रश्न उरतोच. १९९० मध्ये कुवेतवरील आक्रमणानंतर एअर इंडियाने एक लाखाहून अधिक भारतीयांना मायदेशी आणले. असे कार्य केवळ नफ्याच्या हिशेबावर सोपविता येत नाही.

भारताचा अनुभव :
भारताचे धोरण या दोन टोकांमध्ये हेलकावत राहिले. २००५ मध्ये अमेरिकेशी खुल्या आकाशाचा करार झाला. परंतु खाजगी भारतीय कंपन्यांना परदेशी उड्डाणासाठी पाच वर्षांचा अनुभव व २० विमाने ही अट २०१६ पर्यंत कायम होती. म्हणजे एका बाजूने परक्यांस दार उघडले, तर दुसऱ्या बाजूने स्वकीयांनाच रोखले. २०१३ मध्ये अबुधाबीसाठीची मर्यादा आठवड्यास १३,३३० आसनांवरून टप्प्याटप्प्याने ५०,००० पर्यंत नेण्याचे ठरले. त्याच वर्षी अबुधाबीच्या एतिहादने जेट एअरवेजमध्ये २४ टक्के भाग घेतला. जेटची उड्डाणे २०१९ मध्ये थांबली. वाढीव आसने मात्र करारात राहिली. एकदा दिलेला हक्क परत घेणे कठीण असते, हा यातील धडा होय.

२०१६ च्या राष्ट्रीय धोरणाने सार्क देश आणि दिल्लीपासून ५,००० किलोमीटरपलीकडील देश यांच्यासाठी परस्परतेच्या तत्त्वावर खुले आकाश स्वीकारले. आखात मात्र या मर्यादेच्या आत येत असल्याने तेथील आसनसंख्या नियंत्रितच राहिली. २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली आणि २०२३ मध्ये तिने ४७० विमानांची मागणी नोंदविली. लांब पल्ल्याचा प्रवासी थेट भारतातून नेण्याची क्षमता त्यातून अपेक्षित आहे.

निष्कर्ष :
हवाई बाजारपेठेत पूर्ण मुक्तता वा पूर्ण बंदी कोठेच आढळत नाही. संरक्षणाचे समर्थन त्यास मुदत असेल तरच टिकते. अन्यथा उद्योगाची बाल्यावस्था संपत नाही आणि तिची किंमत प्रवासी मोजत राहतो. त्याचबरोबर मोबदल्याविना दिलेला प्रवेश राष्ट्राची वाटाघाटीची शक्ती घटवितो. आखातात जाणारा श्रमिक आणि आखातमार्गे पश्चिमेस जाणारा प्रवासी यांच्या मागण्या भिन्न आहेत. आसनांची एकच संख्या दोघांना लागू होते, हे सध्याच्या व्यवस्थेतील मूळ वैगुण्य होय. भारतीय कंपन्यांची क्षमता वाढेल त्या प्रमाणात, जाहीर वेळापत्रकानुसार आसने वाढविणे हाच दोन्ही हितांचा मेळ घालणारा मार्ग ठरू शकेल.